जरा सरकून घ्या

एसटीच्या कंडक्टरांत दोन प्रकार असतात. गाडी भरली की दार ओढून डबल बेल मारणारे एक, आणि गाडी भरल्यावरच ज्यांच्या अंगात खरं वारं संचारतं ते दुसरे. वैरागचे कंडक्टर आप्पा दुसऱ्या प्रकारातले. बार्शी-सोलापूर रस्त्यावर त्यांनी अख्खी नोकरी काढली आणि तेवढ्या काळात 'जागा नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नाहीत. तीनच्या सीटवर चौथा बसायचा, चौथ्याच्या मांडीवर पाचव्याचं पोर, पोराच्या मांडीवर सहाव्याची पिशवी. गाडी गच्च भरून स्टँडवर उभी आहे आणि खाली अजून वीसेक माणसं दिसताहेत, असं झालं की आप्पांचा चेहरा उजळायचा. "जरा सरकून घ्या की पाव्हणं. जागा नसती, करायची असती." अनोळखी माणसं अशी अंगाला अंग लावून बसवली की वडाळ्यापर्यंत भांडतात आणि नान्नजपासून एकमेकांची तंबाखू मळतात, हा त्यांचा अनुभवसिद्ध सिद्धांत.

निवृत्तीनंतर बसवायला माणसं मिळेनात, तेव्हा आप्पा निवडुंगावर निवडुंग बसवू लागले.

घराच्या पडवीत हिरवं शेडनेट बांधलंय. त्याखाली तेलाचे डबे, रंगाच्या बादल्या, फुटके माठ, आणि प्रत्येकात एक हिरवा दांडका उभा. प्रत्येक दांडक्याच्या डोक्यावर भलताच कुणीतरी बसलेला. एकावर लालभडक गोळा, एकावर लोकर पांघरल्यासारखं म्हातारं, एकावर पाच फाकी केलेलं काहीतरी. नव्या माणसाला पहिल्यांदा हसू येतं आणि मग तो विचारतो, हे असंच उगवतं का? हा प्रश्न विचारला की संध्याकाळ गेली असं समजावं. आप्पा खुर्ची पुढं सरकवतात, आत बघून "अगं, च्या टाक" म्हणतात आणि १ जून १९४८ पासून सुरुवात करतात.

त्या दिवशी पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. गावच्या संतनाथ महाराजांच्या खालोखाल आप्पा कुणाला मानत असतील तर ते केवट्यांना. त्या पहिल्या गाडीला तीस सीटं होती, असं सांगून ते जरा थांबतात आणि म्हणतात, "तीसच." पहिल्या वाहकाच्या हाती एवढी मोकळी गाडी यावी याचं त्यांना अजून वाईट वाटतं. केवट्यांचा निवडुंगाशी काय संबंध हे ते सांगत नाहीत, आपणही विचारू नये.

कलमाची विद्या मात्र त्यांना गाडीतच मिळाली. नान्नज हे रस्त्यावरचं गाव. नानासाहेब काळ्यांनी सोनाका आणि शरद सीडलेस ही द्राक्षं तिथंच काढली. त्यामुळे द्राक्षाची कलमं भरणारी माणसं या गाडीनं सारखी ये-जा करायची. खाली डॉगरीजचा रानटी खुंट, त्यानं खारं पाणी आणि दुष्काळ सोसायचा. वर सोनाकाची काडी, तिनं गोड व्हायचं. ही विभागणी आप्पांना फार पटली. (नान्नजला उतरणारे दुसरे प्रवासी म्हणजे माळढोक बघायला आलेले पुण्या-मुंबईचे लोक. "जेवढी तिकिटं फाडली तेवढी पाखरं न्हाईत तिथं," असं आप्पा म्हणतात आणि दुर्दैवानं ते खरं आहे.) तिकीट फाडता फाडता आप्पांनी त्या कारागिरांना एवढे प्रश्न विचारले की काही जण पुढं ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बसू लागले.

द्राक्षाचं कलम भरायला मळा लागतो. आप्पांकडे पडवी होती. निवडुंगाला पडवी पुरते.

आता प्रत्यक्ष कलम. हे बघण्यासारखं असतं, कारण एरवी हातवाऱ्यांशिवाय न बोलणारा हा माणूस त्या पाच मिनिटांत पुतळा होतो. मुहूर्त ठरलेला: थंडी सरल्यावर किंवा पावसाळा उघडल्यावर. भर पावसात कापलं तर जोड कुजतो, सोलापुरी मे महिन्यात कापलं तर वाळतो. खुंट ड्रॅगन फ्रूटचा. हे पीक आपल्या जिल्ह्यात आता शिवारोशिवार सिमेंटच्या खांबांवर चढलेलं दिसतं. छाटणी झाली की शेतकरी फांद्या बांधावर टाकतो आणि आप्पा त्या पोत्यातून आणतात. तीनधारी, रसरशीत, वीतभर तुकडा आधी आठवडाभर सावलीत सुकवून मातीत लावायचा. मूळ धरून तो वाढीला लागला की मगच त्याच्या डोक्यावर कुणाला बसवायचं. "गाडी चालू पाहिजे. बंद गाडीत पाशिंजर बसवून काय उपेग?"

दाढीचं नवं पातं स्पिरिटनं पुसतात. प्रत्येक कापाला परत पुसतात. खुंटाचा शेंडा एका झटक्यात आडवा उडवायचा, करवतीसारखं मागंपुढं करायचं नाही. काप कसा हवा, तर ओल्या आरशासारखा. मग तीन धारांच्या कडा तिरक्या तासायच्या. हे का, असं विचारणाऱ्यावर आप्पा खूश असतात. निवडुंगाची साल चिवट आणि आतला गर पाण्याचा. गर सुकताना आत बसतो, साल जागची हलत नाही. मधे वाटी पडते आणि वरचा प्रवासी अधांतरी राहतो. कडा तासल्या की गर वर राहतो. त्यानंतर कापाच्या मधोमध बोट न लावता दाखवतात: फिकट रंगाचं एक बारकं कडं. पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या नळ्या त्या कड्यात. वरच्या निवडुंगाचं बूड कापलं की त्यालाही असंच कडं दिसतं. सगळी विद्या एवढीच, की या कड्यानं त्या कड्याला कुठं तरी स्पर्श केला पाहिजे. एक लहान, एक मोठं असेल तर नेमकं मधोमध ठेवणं ही नवशिक्याची चूक. लहान कडं मोठ्याच्या पोटात नुसतंच बसतं आणि कुठंच भेट होत नाही. म्हणून थोडं एका अंगाला सरकवायचं. इथं आप्पा आपल्याकडे बघतात. आपण म्हणायचं, "जरा सरकून घ्या." मग चहा येतो.

वरचा तुकडा ठेवून हलकेच गोल फिरवायचा म्हणजे मधली हवा निघते. मग रबरबँड. कुंडीच्या बुडाखालून घेऊन डोक्यावरून, एक उभं आणि एक आडवं. सैल राहिलं तर जोड उचलतो, करकचून बांधलं तर कापतो. नोटांची बंडलं बांधण्यात हयात गेल्यामुळे रबरबँडचा ताण आप्पांच्या बोटांना न बघता कळतो. आठ-दहा दिवस सावलीत, कापावर पाण्याचा थेंब नाही. शेवटी जुन्या कोऱ्या वेबिलच्या, म्हणजे कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदाच्या, पाठीवर नोंद: तारीख, खुंट, प्रवासी, कुठून कुठं. मेलेल्या कलमापुढं ते 'मेलं' लिहीत नाहीत. 'मध्येच उतरला' लिहितात.

त्यांचा सगळ्यात लाडका प्रवासी म्हणजे तो लालभडक गोळा, ज्याला बाजारात मून कॅक्टस म्हणतात. त्याच्यात हरितद्रव्यच नाही. हिरवं नाही म्हणजे स्वतःचं अन्न स्वतः करता येत नाही. मुळावर वाढवायला गेलं तर बाळसं संपलं की कारभार संपला. १९४१ साली जपानात एजी वातानाबे नावाच्या रोपवाटिकावाल्याला सुमारे दहा हजार रोपांत अशी दोन लाल रोपं सापडली. त्यानं ती हिरव्या खुंटावर चढवली. जगभरच्या खिडक्यांत आज जे लाल-पिवळे गोळे दिसतात ते त्या घराण्यातले. आप्पा ही गोष्ट अशी सांगतात की वातानाबे कुर्डुवाडी आगाराला होता असं वाटावं. "धा हजारात दोन. दुसऱ्या कुणी उपटून उकिरड्यावर टाकली असती. ह्या बाबानं वर घेतलं. आता बघा, फुकट पास! खालच्यानं कमवायचं, वरच्यानं मिरवायचं. पंच्याहत्तरीच्या वरचा समजायचा." चार-दोन वर्षांत गोळा जड होतो आणि ड्रॅगनचा खुंट खचतो किंवा सडतो. तोवर गोळ्याला पिल्लं आलेली असतात. ती काढून नव्या खुंटावर बसवायची. गाडी बंद पडली की प्रवासी मागच्या गाडीत चढवतात, त्यात आप्पांना नवल नाही.

अपयशही आलं. खुंटाच्या शोधात एकदा ते फड्या निवडुंग हुडकायला निघाले. पूर्वी हा फड्या म्हणे वाटेल तिथं माजलेला असायचा. त्याची लाल बोंडं खाऊन पोरं जिभा रंगवून घरी यायची. मग १९२६ साली श्रीलंकेतून एक किडा आणून सोडला, त्यानं पाचसहा वर्षांत बहुतेक फड्या खाऊन साफ केला. त्या किड्याचं चुलत घराणं म्हणजे पिठ्या ढेकूण, आणि तो आप्पांच्या पडवीत अजून हिशेब मागायला येतो. आप्पा कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून एकेकाला टिपतात. तर फड्या मिळाला नाही म्हणून त्यांनी शेजाऱ्याच्या कुंपणाचा त्रिधारी निवडुंग कापला. दिसायला ड्रॅगनचा सख्खा भाऊ, पण कापल्यावर पांढरा चीक भळाभळा वाहिला. तोच हात डोळ्याला लागला आणि आप्पा तीन दिवस काळा चष्मा लावून पडवीत बसले. या निवडुंगाचं कूळच वेगळं, तो एरंडाच्या जातकुळीतला. खरे निवडुंग बहुतेक सगळे अमेरिकेकडचे, आणि त्यांना सहसा असा चीक नसतो. वेगळ्या कुळांचं कलम लागत नाही. आप्पांनी एवढंच मान्य केलं: "चीक निघाला की वळखायचं, ही गाडी आपल्या आगाराची न्हाई."

काकूंबद्दल, म्हणजे आप्पांच्या बायकोबद्दल, लिहिलं नाही तर अन्याय होईल. त्यांच्या घरात दुधाच्या पिशवीचं रबरबँड दुसऱ्या दिवसाचं तोंड बघत नाही. भाजीची सुरी केव्हाची परागंदा झाली. टॉवेलला निवडुंगाची कुसळं असतात, ती दिसत नाहीत, पण कळतात. काकूंनी त्यावर चिकटपट्टीचा इलाज शोधला आहे: पट्टी लावायची, दाबायची, झटक्यात ओढायची. पाहुण्यालाही त्या चहाबरोबर पट्टीचा तुकडा देतात. आप्पांच्या छंदाबद्दल त्यांचं मत एका वाक्याचं आहे. "नोकरीत हुते तवर काटं भाईर हुते."

त्यांचं स्वतःचं एकच झाड, ब्रह्मकमळ. श्रावणाच्या आगंमागं रात्री फुलतं, गल्लीतल्या बायका जमतात, हळदकुंकू, आरती होते. एका वर्षी आरती चालू असताना आप्पांनी जाहीर केलं, की हेसुद्धा निवडुंगच, मेक्सिकोकडचं. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ निराळं, ते सूर्यफुलाच्या कुळातलं. आणि हे पान दिसतं ते पान नव्हे, खोड. हे सगळं खरं आहे. पण खरं कधी बोलावं याला काही वेळ असते. आरती थांबली. काकू महिनाभर आप्पांशी ड्रॅगनच्या खुंटासमोर उभं राहून बोलत होत्या.

तरी आप्पांनी त्यातली एक फांदी लांबवलीच. बुडाच्या दोन्ही बाजू तासून मधली शीर उघडी केली, खुंटाच्या डोक्यात उभी चीर पाडली आणि पाचर बसवली. हलू नये म्हणून बाभळीचा काटा आरपार टोचला. टाचणी गंजते, काटा गंजत नाही. ब्रह्मकमळ आणि ड्रॅगन फ्रूट ही जवळची नातलगं, त्यामुळे जोड सहज लागला. पुढच्या पावसाळ्यात त्या तीनधारी दांडक्यावर रात्री साडेनऊला पांढरं फूल उमललं. काकूंनी काही न बोलता आरतीचं ताट आणलं. फुलाला हळदकुंकू वाहिलं, जरा विचार केला आणि खुंटालाही वाहिलं. आप्पांनी वेबिलवर त्या रात्री काय लिहिलं ते दाखवत नाहीत.

मुलगा पुण्याला कंपनीत आहे. वडिलांचा नाद त्याला ठाऊक, म्हणून वाढदिवसाला त्यानं मोबाइलवरून भेट मागवली: चकचकीत कुंडी, रंगीत खडे, मधे मून कॅक्टस आणि त्याच्या माथ्यावर पिवळं फूल. आप्पांनी चष्मा लावला. फूल कागदासारखं वाळलेलं होतं आणि गरम गोंदानं चिकटवलेलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. "तिकीट न फाडता बसवलाय," एवढंच म्हणाले आणि पातं पुसायला घेतलं. रात्री मुलाचा व्हिडिओ कॉल आला, "आप्पा, आवडली का भेट?" आप्पांनी मोबाइल फिरवून ताट दाखवलं. भेटीचे सहा तुकडे सहा खुंटांवर रबरबँड लावून बसले होते. मुलगा म्हणाला, "बरं." समजूतदार पोरगा आहे.

निवडुंगापुरतं थांबलं असतं तर आप्पा निव्वळ छांदिष्ट ठरले असते. पण माणसं जोडायची सवय सुटलेली नाही, आणि आता हाताशी शास्त्रही आहे. ओळखीपाळखीत कुठं लग्नाचं पोरगं-पोरगी आहे असं कळलं, की आप्पा वेबिल काढतात. शिक्षण, पगार, शेती यांत त्यांना रस नाही, ती साल. "भाईरची रुंदी काय बघायलाव? आतलं कडं बघा." आतलं कडं कसं बघायचं, तर दोघांना पडवीत समोरासमोर बसवून आप्पा तासभर लक्ष्मण केवट्यांबद्दल बोलतात. जांभई आली तरी जे एकमेकांकडे बघून हसतात त्यांचं कडं जुळलं. हसण्याऐवजी जे मोबाइल काढतात ते मध्येच उतरणारे. ही परीक्षा मी पाहिली आहे आणि ती वाटते तेवढी वेडगळ नाही. पत्रिकेपेक्षा तिचा निकाल वाईट लागल्याचं मला तरी माहीत नाही.

बांधावरून भांडणाऱ्या दोन सख्ख्या भावांनाही त्यांनी असंच एका बाकड्यावर बसवलं. मधे जागा ठेवू दिली नाही. समोर कलम करून दाखवलं, दोन कडी दाखवली, स्पर्श दाखवला, रबरबँडचा ताण समजावून सांगितला. भावांनी मनापासून ऐकलं, चहा घेतला, एकेक कलम काखोटीला मारलं आणि दुसऱ्या आठवड्यात बार्शीच्या कोर्टात दावा लावला. गावानं आप्पांना हसून घेतलं. आप्पा ढिम्म. तारखेला दोघं भाऊ एकाच एसटीनं बार्शीला जातात, एकाच सीटवर बसतात, आणि येताना थोरला धाकट्याचं तिकीट काढतो, ही बातमी त्यांना जुन्या सहकाऱ्याकडून मिळाली आहे. त्यांच्या वेबिलवर ते कलम 'जिवंत' आहे.

मागं यवतमाळकडच्या टिपेश्वरहून एक वाघ चालत चालत येडशीच्या जंगलात आला आणि आपल्या बार्शी तालुक्यातही फिरून गेला. संध्याकाळी सातच्या आत दारं लागत होती. आप्पांना एकाच गोष्टीचं अप्रूप होतं. "एवढं लांबनं आला, आन् बिगरतिकिटाचा!" वाघाला कुठं बसवता येईल यावरही त्यांनी विचार केला असणार. पण तसं काही बोलले नाहीत, याचं श्रेय काकूंना.

वैरागला जाणं झालं आणि कलम हवं असलं तर जरूर जा. कुंडी आपली न्या, घरातली जुनी रबरबँडं न्या. पैसे देऊ नका, आप्पा घेत नाहीत. सुटे असतील तर तेवढे मात्र ठेवून घेतात, ती जुनी खोड आहे. कलम घरी आणल्यावर दहा दिवस त्याला पाणी घालू नका आणि जोड लागला का म्हणून हलवून बघू नका. आणि घरात कुणी लग्नाचं असेल, तर चहा पिऊन होईपर्यंत तो विषय काढू नका.